ओदेओं रस्त्यावरचे पुस्तकघर

विसाव्या शतकातील इंग्रजी साहित्याचा इतिहास सांगताना लेखकांची, समीक्षकांची, क्वचित प्रकाशकांची नावे घेतली जातात. पुस्तकविक्रेत्याचे नाव त्या यादीत सहसा आढळत नाही. याला जे मोजके अपवाद आहेत त्यांत सिल्व्हिया बीच हिचे स्थान फार वरचे आहे. पॅरिसमध्ये तिने चालवलेल्या 'शेक्सपिअर अँड कंपनी' या इंग्रजी पुस्तकांच्या दुकानाला आयुष्य लाभले ते अवघे २२ वर्षांचे. जेम्स जॉइसच्या 'युलिसिस' या कादंबरीची पहिली प्रकाशक म्हणून जगाने तिची नोंद घेतली. पण त्या प्रकाशनाच्या आधी आणि नंतरही या दुकानात आणखी एक गोष्ट घडत होती. लेखक आणि वाचक तेथे एकमेकांसमोर बसत, लेखक आपले लेखन स्वतः वाचून दाखवत आणि ऐकणाऱ्यांतूनच पुढचे लेखक आणि अनुवादक पुढे येत. जे दुकान लेखकांसाठी झिजले, ते बुडण्याची वेळ आली तेव्हा त्याला सावरले तेही याच वाचनाच्या सायंकाळींनी.

सिल्व्हियाचा जन्म १४ मार्च १८८७ रोजी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे झाला. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते. आईचे आई-वडील मिशनरी म्हणून हिंदुस्थानात राहिलेले होते. तिघी बहिणींतली ही मधली. लहानपणी जडलेल्या डोकेदुखीमुळे तिचे शालेय शिक्षण जवळपास झालेच नाही. जी काही विद्या मिळवली ती पुस्तकांतून. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी वडिलांची नेमणूक पॅरिसमधील अमेरिकन चर्चमध्ये झाली आणि कुटुंब काही वर्षे तेथे राहिले. पुढे वडील प्रिन्सटनच्या चर्चचे प्रमुख झाले तरी सिल्व्हियाचे मन पॅरिसमध्येच गुंतून राहिले. काही काळ स्पेनमध्ये राहून १९१६ मध्ये, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, ती फ्रेंच साहित्याचा अभ्यास करण्यासाठी पुन्हा पॅरिसला आली. वय २९ झाले होते. हाती पदवी नव्हती, ठरलेला व्यवसाय नव्हता आणि लेखिका होण्याची महत्त्वाकांक्षाही नव्हती.

मार्च १९१७ मध्ये एका नियतकालिकाच्या शोधात ती सेन नदीच्या डाव्या तीरावरील ओदेओं रस्त्यावर गेली. तेथे ७ क्रमांकाच्या इमारतीत आद्रिएन मोनिए नावाच्या तरुणीचे पुस्तकांचे दुकान होते. 'पुस्तकांच्या मित्रांचे घर' अशा अर्थाचे नाव त्याने धारण केले होते. मोनिएचे वडील टपाल खात्यात होते. रेल्वे अपघातात जायबंदी झाल्याबद्दल त्यांना मिळालेली भरपाईची रक्कम त्यांनी मुलीला दिली आणि त्या पैशांतून १९१५ मध्ये हे दुकान उभे राहिले. सिल्व्हिया दारात उभी असतानाच वाऱ्याने तिची टोपी उडाली, ती रस्त्याच्या मधोमध गेली आणि मोनिएने धावत जाऊन ती आणून दिली. अशा रीतीने सुरू झालेली मैत्री पुढे ३८ वर्षे टिकली. दोघींच्या आयुष्याची आणि व्यवसायाची सूत्रे एकमेकींत गुंतली ती कायमचीच.

मोनिएचे दुकान एरवीच्या दुकानांहून निराळे होते. वर्गणी भरून पुस्तके घरी नेण्याची सोय तेथे होती आणि ठरावीक सायंकाळी दुकानाचे दार आतून बंद करून निमंत्रितांसाठी साहित्यवाचन होत असे. सभासद या नात्याने सिल्व्हिया या बैठकांना जाऊ लागली. सैनिकी गणवेशातील ज्यूल रोमें याने युद्धकाळात आपली शांततेची कविता वाचली ती याच दुकानात. पॉल व्हालेरी तेथे एडगर ॲलन पो याच्याविषयी बोलला. आंद्रे जीद, लेओं-पॉल फार्ग, व्हालेरी लार्बो ही मंडळी येत. संगीतकार एरिक साती याची 'सोक्रात' ही रचनाही १९१९ मध्ये या पुस्तकांच्या गर्दीतच ऐकवली गेली. लेखकाला छापील पानातून ओळखणे आणि हाताच्या अंतरावर बसून त्याचा आवाज ऐकणे यांत काय फरक असतो, हे सिल्व्हियाला या बैठकांनी शिकवले. पुस्तकविक्रीचे तिचे खरे शिक्षण येथेच झाले.

युद्ध संपल्यावर काही महिने तिने रेड क्रॉसच्या मदतकार्यासाठी सर्बियात काढले. तेथून परतताना आपणही दुकान काढायचे हा विचार पक्का झाला होता. मूळ बेत न्यूयॉर्कमध्ये फ्रेंच पुस्तकांचे दुकान काढण्याचा होता. पण तेथील भाडे परवडणारे नव्हते. मोनिएने मग उलट सुचवले की, पॅरिसमध्येच इंग्रजी पुस्तकांचे दुकान काढावे. जवळच द्युपुइत्रां नावाच्या आखूड रस्त्यावर कपडे धुण्याच्या दुकानाचा गाळा रिकामा झाला होता. सिल्व्हियाने आईला तार केली आणि आईने आपल्या शिलकीतले ३,००० डॉलर पाठवून दिले. १९ नोव्हेंबर १९१९ रोजी दुकान उघडले. दारावर शेक्सपिअरचे चित्र रंगवलेली पाटी लटकत होती. त्या पाटीखालून पुढे कोण कोण आत येणार आहे याची त्या दिवशी कुणालाच कल्पना नव्हती.

दुकानाची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण तिच्या मागे आर्थिक हिशेब होता. युद्धानंतर फ्रँकची किंमत घसरलेली होती. लंडन आणि न्यूयॉर्कहून येणारी नवी पुस्तके पौंड-डॉलरच्या भावाने फ्रेंच वाचकाला परवडत नसत. म्हणून विक्रीपेक्षा वाचनालयावर भर देणे भाग होते. अनामत रक्कम आणि वर्गणी भरायची, एक किंवा दोन पुस्तके न्यायची आणि पंधरवड्यात परत करायची. आपल्याकडच्या वाचनालयांच्या सभासदांना ही पद्धत नवी वाटणार नाही. परत करण्याच्या बाबतीत मात्र लेखकमंडळी सर्वांत बेशिस्त. जॉइस तर डझनावारी पुस्तके नेऊन वर्षानुवर्षे ठेवून घेई. भिंतींना तरट लावलेले, जमिनीवर सर्बियातून आणलेल्या काळ्या-पांढऱ्या सतरंज्या, मध्ये जुन्या बाजारातून घेतलेल्या खुर्च्या आणि भिंतीवर लेखकांची छायाचित्रे, अशी मांडणी होती. मॅन रे आणि बेरेनिस ॲबट यांनी टिपलेली छायाचित्रे पुढे या भिंतीवर वाढत गेली. त्या भिंतीवर आपला चेहरा लागणे ही तरुण लेखकाला मान्यतेची खूण वाटू लागली.

१९२१ च्या उन्हाळ्यात दुकान ओदेओं रस्त्यावरच १२ क्रमांकाच्या जागेत, मोनिएच्या दुकानासमोर आले. आता रस्त्याच्या एका बाजूला फ्रेंच साहित्य आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी, अशी स्थिती झाली. वाचक रस्ता ओलांडून एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाऊ शकत होते. गर्ट्रूड स्टाइन ही अगदी सुरुवातीच्या सभासदांपैकी. १९२१ च्या अखेरीस पॅरिसला आलेला अर्नेस्ट हेमिंग्वे हा नवखा पत्रकार पहिल्यांदा आला तेव्हा अनामतीचे पैसे त्याच्याजवळ नव्हते. सिल्व्हियाने ते सवडीने देण्यास सांगून हवी तेवढी पुस्तके नेऊ दिली. तुर्गेनेव्ह, टॉलस्टॉय, दोस्तोयेव्हस्की हे रशियन लेखक त्याने या दुकानातून नेऊन वाचले. पॅरिसमध्ये स्थिर पत्ता नसलेल्या कित्येक लेखकांची टपालपेटीही हेच दुकान होते. परदेशातून येणारी पत्रे येथे सांभाळून ठेवली जात, हातउसने पैसे मिळत आणि नव्याने आलेल्याला जुन्याशी ओळख करून दिली जाई.

जेम्स जॉइसशी सिल्व्हियाची भेट ११ जुलै १९२० रोजी कवी आंद्रे स्पिर याच्या घरी झाली. दुसऱ्याच दिवशी जॉइस दुकानात आला. त्याची 'युलिसिस' ही कादंबरी त्या वेळी न्यूयॉर्कमधील 'लिटल रिव्ह्यू' या मासिकात क्रमशः येत होती. अश्लीलतेच्या आरोपाखाली खटला झाला आणि फेब्रुवारी १९२१ मध्ये मासिकाच्या दोन्ही संपादिकांना ५० डॉलर दंड ठोठावण्यात आला. अमेरिकेत कादंबरी छापण्याची वाट बंद झाली. इंग्लंडमध्ये छापखाने तिला हात लावायला तयार नव्हते, कारण तेथील कायद्यानुसार मुद्रकावरही खटला होऊ शकत होता. खचलेल्या जॉइसने ही हकिगत सांगितली तेव्हा सिल्व्हियाने पुस्तक आपण काढू असे सुचवले. प्रकाशनाचा तिला काहीही अनुभव नव्हता, भांडवल त्याहून कमी होते. जॉइसने मात्र तत्काळ होकार दिला.

मोनिएच्या ओळखीने दिजों येथील मुद्रक मोरिस दारांतिएर याने काम स्वीकारले. पैसे वर्गणीदारांकडून येतील तसे घेण्याचे त्याने मान्य केले. एक हजार प्रती काढायच्या ठरल्या. त्यांतील १०० लेखकाच्या स्वाक्षरीच्या आणि उत्तम कागदाच्या, ३५० फ्रँकच्या. १५० प्रती २५० फ्रँकच्या आणि उरलेल्या ७५० प्रती १५० फ्रँकच्या. आगाऊ नोंदणीची पत्रके छापली गेली. येट्सने प्रत नोंदवली, जीद स्वतः दुकानात येऊन अर्ज भरून गेला. बर्नार्ड शॉने मात्र नकार दिला. तो नकार देणार हे जॉइसने आधीच ओळखले होते आणि सिल्व्हियाबरोबर लावलेली पैज त्याने जिंकली.

छपाईचे काम हे एक दिव्यच होते. दिजोंच्या कामगारांना इंग्रजी येत नव्हते. जॉइसचे हस्ताक्षर दुर्बोध आणि दृष्टी अधू. कादंबरीतील एका दीर्घ प्रकरणाचे टंकलेखन करण्याचे काम एकामागून एक अनेकांनी सोडून दिले. शेवटी ज्या बाईने ते घेतले तिच्या नवऱ्याने मजकूर वाचून काही पाने आगीत टाकली. ती पाने न्यूयॉर्कमध्ये विकल्या गेलेल्या हस्तलिखितावरून छायाचित्रे मागवून पुन्हा मिळवावी लागली. मुद्रिते तपासायला दिली की जॉइस त्यांच्या समासात नवा मजकूर लिहून पाठवी. त्याला हवी तितकी मुद्रिते द्यावीत, अशी सिल्व्हियाची सूचना होती. खर्च वाढत गेला आणि कादंबरीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग या मुद्रितांवरच लिहिला गेला. व्यवहारी प्रकाशकाने हे कधीच होऊ दिले नसते. आज जे 'युलिसिस' वाचले जाते ते असे आहे, याला एका पुस्तकविक्रेतीचा हा अव्यवहारीपणाही कारण आहे.

पुस्तक छापून होण्याआधीच पॅरिसमधील वाचकांना त्याची ओळख करून द्यावी, असे लार्बोच्या मनात आले. ७ डिसेंबर १९२१ रोजी मोनिएच्या दुकानात त्याने जॉइसवर व्याख्यान दिले. सुमारे २५० लोक त्या छोट्या जागेत दाटीवाटीने बसले होते. काही उतारे धीट आहेत, याची सूचना निमंत्रणपत्रिकेवर छापलेली होती. फ्रेंच अनुवादातील भाग वाचले गेले, जिमी लाइट या अमेरिकन नटाने मूळ इंग्रजी उतारा म्हटला. स्वतः जॉइस पडद्याआड बसून ऐकत होता. व्याख्यान संपल्यावर लार्बोने त्याला ओढून बाहेर आणले तेव्हा तो लाजेने लाल झाला होता. सायंकाळचे सर्व उत्पन्न जॉइसला देण्यात आले. ज्या कादंबरीवर दोन देशांनी दार लावले होते, तिचे पहिले जाहीर स्वागत असे पुस्तकाच्या दुकानात, वाचून दाखवण्याच्या निमित्ताने झाले. त्या रात्रीनंतर नोंदणीही वाढली.

२ फेब्रुवारी १९२२ हा जॉइसचा चाळिसावा वाढदिवस. त्या दिवशी पहाटे दिजोंहून निघालेल्या गाडीच्या गार्डकडे दारांतिएरने पहिल्या दोन प्रती सोपवल्या होत्या. सिल्व्हिया सात वाजता स्थानकावर हजर होती. एक प्रत तिने जॉइसच्या घरी पोहोचवली आणि दुसरी दुकानाच्या काचेत मांडली. ग्रीक ध्वजाच्या निळ्या रंगाचे मुखपृष्ठ आणि ७३२ पाने. बातमी पसरली आणि दिवसभर लोक येत राहिले. विकायला मात्र प्रत नव्हती. छपाईतील चुकांबद्दल प्रकाशकाने वाचकांची क्षमा मागितल्याची टीप पुस्तकात होती. अमेरिकेतील वर्गणीदारांपर्यंत प्रती पोहोचवण्यासाठी हेमिंग्वेने आपल्या एका मित्राची मदत मिळवली. या मित्राने कॅनडाच्या विंडसर गावातून बोटीने नदी ओलांडून, कपड्यांत लपवून, प्रती डेट्रॉइटला नेल्या.

पुढच्या दशकात 'युलिसिस'च्या अनेक आवृत्त्या या दुकानातून निघाल्या. निव्वळ नफ्याचा सुमारे दोन तृतीयांश वाटा जॉइसला जाई आणि त्याखेरीज तो वेळी-अवेळी उचल घेई ती वेगळीच. त्याचा पत्रव्यवहार, त्याच्या डोळ्यांचे डॉक्टर, त्याच्या घरभाड्याची चिंता, सर्व काही सिल्व्हियाकडे आले होते. १९२४ मध्ये तिने आणखी एक खर्चिक हौस केली. जॉइसच्या आवाजात 'युलिसिस'मधील एक उतारा ध्वनिमुद्रित करण्यासाठी ती त्याला 'हिज मास्टर्स व्हॉइस' कंपनीच्या पॅरिसमधील स्टुडिओत घेऊन गेली. अशा तबकडीला बाजार नाही म्हणून कंपनीने तिला आपल्या यादीत घेतले नाही. खर्च सिल्व्हियाने केला आणि ३० तबकड्या काढल्या. लेखकाचा आवाज जपण्यासारखा असतो, ही जाण फार थोड्यांना असण्याच्या काळातील ही गोष्ट आहे.

अमेरिकेत सॅम्युएल रॉथ याने 'युलिसिस'ची चोरटी छपाई आरंभली तेव्हा तिच्या विरोधात १९२७ मध्ये १६७ लेखक-विचारवंतांच्या सह्यांचे निषेधपत्र निघाले. सह्या मिळवण्याची मेहनत बव्हंशी या दुकानाचीच होती. १९३० मध्ये जॉइसने सिल्व्हियाशी रीतसर करार केला आणि पुस्तकाचे जागतिक हक्क तिच्याकडे दिले. पण अमेरिकेतील मोठा प्रकाशक पुढे येताच वारे फिरले. सिल्व्हियाने आपला दावा सोडावा असा आग्रह जॉइसच्या एका स्नेह्याने धरला. तिने दूरध्वनी करून जॉइसला मोकळे केले. १९३३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी न्यायालयाने कादंबरी अश्लील नसल्याचा निकाल दिला आणि १९३४ मध्ये 'रँडम हाउस'ची आवृत्ती बाजारात आली. जिने पुस्तक जन्माला घातले तिला या आवृत्तीतून काहीही मिळाले नाही. याबद्दल तिने कधी जाहीर तक्रार केली नाही. पुस्तक हे अखेर लेखकाचे, ही तिची धारणा होती. त्या धारणेची किंमत मात्र दुकानाने मोजली.

तोवर काळही पालटला होता. १९२९ च्या मंदीनंतर अमेरिकन मंडळी पॅरिस सोडून जाऊ लागली. सभासद घटले, विक्री आटली. साहित्यिक सायंकाळी अधूनमधून होत होत्या, पण त्या नेहमी सुरळीत पार पडत असे नाही. १९३१ मध्ये एडिथ सिटवेलने गर्ट्रूड स्टाइनच्या लेखनाविषयी बोलायचे ठरले होते. तिने एलिझाबेथकालीन कवी आणि स्वतःच्या कविता वाचण्यातच वेळ घालवला. समोर बसलेली स्टाइन त्याने दुखावली. लेखकांना एका खोलीत आणणे हे सोपे काम नव्हते आणि आणल्यावर सांभाळणे तर त्याहून अवघड. १९३५ मध्ये सिल्व्हियाने दुकान बंद करण्याचा विचार जीदला बोलून दाखवला. ते ऐकून जीद हादरला. त्याने लेखकांना गोळा केले. आधी सरकारकडे मदत मागण्याचा प्रयत्न झाला, पण परदेशी व्यक्तीच्या व्यवसायाला अनुदान देता येत नव्हते.

तेव्हा लेखकांनीच मार्ग काढला. १९३६ च्या आरंभी 'शेक्सपिअर अँड कंपनीचे मित्र' या मंडळाची स्थापना झाली. जीद, व्हालेरी, रोमें, श्लुम्बर्जे, मोर्वा, पोलाँ अशी नामवंत मंडळी समितीवर होती. वर्षाला २०० फ्रँक वर्गणी, दोन वर्षांसाठी. सभासदांची संख्या २०० वर थांबवण्यात आली, कारण त्याहून अधिक माणसे दुकानात मावतच नव्हती. सभासदांना मिळणार होते ते एवढेच की, साधारण महिन्यातून एकदा समितीतील एखादा लेखक आपले अप्रकाशित लेखन या दुकानात वाचणार. म्हणजे लेखकांकडे देण्यासारखे जे होते, तेच त्यांनी दिले.

पहिले वाचन जीदने केले. नंतर व्हालेरी आला. जॉइसही श्रोत्यांत होता आणि त्याच्या विनंतीवरून व्हालेरीने सर्पावरची आपली प्रसिद्ध कविता म्हटली. श्लुम्बर्जे, पोलाँ, मोर्वा यांची वाचने झाली. जून १९३६ मध्ये टी. एस. एलियट या सायंकाळीसाठी लंडनहून मुद्दाम आला आणि 'द वेस्ट लँड'सह आपल्या कविता त्याने वाचल्या. मे १९३७ मध्ये हेमिंग्वेची पाळी आली. जाहीर वाचन करायचे नाही हा त्याचा नेम होता. स्टीफन स्पेंडर बरोबर असेल तर आपण वाचू, अशी अट त्याने घातली. स्पेंडर तयार झाला. दोघेही त्या वर्षी यादवी युद्धाच्या निमित्ताने स्पेनमध्ये जाऊन आलेले होते. पंधरा वर्षांपूर्वी उधारीवर पुस्तके नेणारा तरुण आता जगप्रसिद्ध लेखक म्हणून त्याच भिंतींपुढे उभा होता आणि दुकानाची उधारी वेगळ्या नाण्यात फेडत होता.

या वाचनांनी दुकान तगले. वर्तमानपत्रांत नाव आले, मित्रांकडून देणग्या आल्या, इंग्लिश लेखिका ब्रायहर हिचा आधार तर सतत होताच. १९३८ मध्ये फ्रेंच सरकारने सिल्व्हियाला 'लेजियन ऑफ ऑनर' दिला. वाचनालयात नवी पिढी येत होती. सिमोन द बोव्हार सभासद होती, वॉल्टर बेंजामिनही होता. दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि जून १९४० मध्ये जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरले. अमेरिकन वकिलातीने परत जाण्याचा सल्ला दिला तरी सिल्व्हिया राहिली. फ्रांस्वाज बेर्नहाइम ही तिची सहायक ज्यू होती. ज्यूंवर लादलेला पिवळा तारा लावून फिरणाऱ्या या मुलीबरोबर सिल्व्हिया बाहेर पडे आणि तिला ज्या जागा निषिद्ध होत्या तेथे स्वतःही जात नसे. पुढे या मुलीला छळछावणीत नेण्यात आले.

जॉइसचे निधन जानेवारी १९४१ मध्ये झुरिकला झाले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक जर्मन अधिकारी दुकानात आला. काचेत ठेवलेली 'फिनेगन्स वेक'ची प्रत त्याला हवी होती. ती शेवटची प्रत होती. विकायची नाही, असे सिल्व्हियाने सांगितले. तो चिडून गेला आणि काही दिवसांनी परत येऊन सर्व माल जप्त करण्याची धमकी देऊन गेला. तो गेल्याबरोबर तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना हाक दिली. कपड्यांच्या टोपल्यांत भरून हजारो पुस्तके, छायाचित्रे, खुर्च्या, एवढेच काय दिवेसुद्धा, त्याच इमारतीतील वरच्या मजल्यावरच्या रिकाम्या जागेत चढवले गेले. सुताराने फळ्या उतरवल्या, रंगाऱ्याने दारावरचे नाव पुसून टाकले. दोन तासांत तेथे दुकान असल्याची खूणही उरली नाही. जप्त करायला जर्मनांना काही सापडले नाही. पण त्या दिवशी बंद झालेले दार पुन्हा कधी उघडले नाही.

१९४२ मध्ये अमेरिकन नागरिक म्हणून सिल्व्हियाला अटक झाली. व्हितेल येथील छावणीत तिने सुमारे सहा महिने काढले. सुटल्यावर पॅरिसमधील एका विद्यार्थिनी वसतिगृहाच्या आश्रयाने ती राहिली. ऑगस्ट १९४४ मध्ये शहर मुक्त होत असताना जीपगाड्यांचा ताफा ओदेओं रस्त्यावर येऊन थांबला. त्यातून हेमिंग्वे उतरला. छपरांवरून अजून गोळ्या सुटत होत्या. त्याने आपल्या माणसांना वर पाठवून त्या बंद केल्या आणि मग पुढचा रस्ता धरला.

पुस्तके सुखरूप होती. दुकान पुन्हा सुरू करावे असे अनेकांनी सुचवले. सिल्व्हिया ५७ वर्षांची झाली होती आणि ती राजी झाली नाही. वरच्या मजल्यावरच्या घरातून ओळखीच्यांना पुस्तके देणे मात्र तिने सोडले नाही. पुढे वाचनालयातील हजारो पुस्तके तिने पॅरिसच्या अमेरिकन ग्रंथालयाला देऊन टाकली. आंरी मिशो याच्या आशियातील प्रवासावरील पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद तिने केला. तो १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. आजी-आजोबांनी ज्या हिंदुस्थानात आयुष्य वेचले, त्याचीही वर्णने त्या पुस्तकात आहेत. १९५५ मध्ये मोनिएने दुर्धर आजाराला कंटाळून जीवन संपवले. सिल्व्हियाला हा घाव जिव्हारी लागला. १९५९ मध्ये तिचे आठवणींचे पुस्तक निघाले. जॉइसविषयीच्या कडवटपणाला त्यात तिने जागा दिली नाही. त्याच वर्षी बफलो येथील विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली. तिच्याजवळचा जॉइससंग्रहही त्याच विद्यापीठाकडे गेला. जिच्या वाट्याला धड शाळा आली नाही, तिला विद्यापीठाची पदवी मिळाली ती वयाच्या ७२ व्या वर्षी.

१६ जून १९६२ रोजी, 'युलिसिस'ची कथा ज्या तारखेला घडते त्या दिवशी, डब्लिनजवळच्या मार्टेलो टॉवरमधील जॉइस संग्रहालयाचे उद्घाटन तिच्या हस्ते झाले. कादंबरीचा आरंभ याच मनोऱ्यात होतो. त्यानंतर चारच महिन्यांनी, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, ओदेओं रस्त्यावरच्या घरी ती एकटी असताना मृत्यू पावली. तिच्या अस्थी प्रिन्सटनला नेण्यात आल्या. तिची कागदपत्रेही तेथील विद्यापीठाकडे आहेत. वाचनालयाच्या सभासदांची कार्डे आणि नोंदवह्या अभ्यासून, कोणी केव्हा कोणते पुस्तक नेले होते, हे त्या विद्यापीठाने संगणकावर खुले केले आहे.

'शेक्सपिअर अँड कंपनी' हे नाव पॅरिसमध्ये आजही दिसते. नोत्रदामसमोरच्या ब्यूशरी रस्त्यावर जॉर्ज व्हिटमन या अमेरिकन गृहस्थाने १९५१ मध्ये वेगळ्या नावाने काढलेल्या दुकानाने शेक्सपिअरच्या चारशेव्या जयंतीला, १९६४ मध्ये, सिल्व्हियाच्या दुकानाचे नाव धारण केले. आपल्या मुलीचे नावही व्हिटमनने सिल्व्हिया ठेवले. २०११ मध्ये व्हिटमनचे निधन झाले आणि तेथील लेखक-वाचनांची परंपरा या दुसऱ्या सिल्व्हियाने पुढे नेली. मूळ दुकान मात्र ओदेओं रस्त्यावरच्या १२ क्रमांकात होते. त्या इमारतीवर एक पाटी आहे. १९२२ मध्ये या घरात सिल्व्हिया बीच हिने 'युलिसिस' प्रसिद्ध केले, एवढेच तिच्यावर कोरलेले आहे. रस्ता ओलांडून ऐकायला येणारी माणसे, पहाटेची आगगाडी, टोपल्यांतून वर चढलेली पुस्तके आणि दुकान तगावे म्हणून स्वतःचे लेखन हातात घेऊन उभे राहिलेले लेखक, यांना त्या पाटीवर जागा मिळालेली नाही. त्या पाटीवरचे पुस्तक शक्य झाले ते मात्र या सगळ्यांमुळे.